जागल्या बेल

"सोमवार असला तरी, आई. चतुर्थी असली, अमावास्या असली तरी. पाऊस नसताना बेलाला पालवी दिसली, तर वार बघत बसायचं नाही, अण्णांना विचारत बसायचं नाही. कुदळ घ्यायची आणि भोवतीनं चर खणून त्याची मुळं तोडायची. एकूण एक. शब्द दे मला."

अपर्णा हे बोलली तेव्हा गाव अजून गावात होतं. देवळासमोर टेंपो उभे होते. कुणाची भांडी चढत होती, कुणाच्या शेळ्या. सगुणाबाईंनी सगळ्यांच्या देखत पिंडीवर हात ठेवून लेकीला शब्द दिला. मग टेंपो हलले, धुरळा खाली बसला, आणि खडकवेढ्यात दोनच माणसं उरली: सगुणाबाई आणि त्यांचे यजमान नीलकंठअण्णा, खडकेश्वर महादेवाचे गुरव.

त्याला आता तिसरं वर्ष सरत आलं होतं.

त्या सोमवारी सकाळी सगुणाबाईंनी ओल्या फडक्यानं अंग पुसलं, धुतलेलं लुगडं नेसलं आणि तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी घेऊन त्या देवळात गेल्या. देवाला पाणी आणि बेल वाहिल्याशिवाय आपण घोट घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम या घरात लग्न होऊन आल्यापासूनचा. पाणी आता बिनचालकाची गाडी आणून देई, आठवड्याला दोन कॅन. गाडी यायची, कॅन उतरवायची, तोंड फिरवून जायची. तिच्याशी दोन शब्द बोलायचे तर आत कुणी नसायचं. त्या पाण्यातला देवाचा वाटा घोटभरच. पण तो चुकला नव्हता.

बेल मात्र एकच होता. झाड निजण्याआधी अपर्णानं खुडून ठेवलेला. बेलपान शिळं होत नाही, धुऊन पुन्हा वाहता येतं, असं शास्त्र आहे. म्हणून सगुणाबाई ते एकच त्रिदळ रोज पितळी डबीतून काढत, बाळाला न्हाऊ घालावं तसं दोन थेंबांत धूत, वाहत, आणि दुसऱ्या दिवशी परत उचलत. पान कागदासारखं झालं होतं. तिन्ही दलं देठाला अजून धरून होती, एवढंच.

पूजा झाली. महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी जिथून देवळाबाहेर पडतं ते गोमुख ओलांडायचं नसतं. तिथवर जायचं आणि आल्या पावली मागं फिरायचं. सगुणाबाई गोमुखापर्यंत गेल्या, हात जोडले, आणि फिरता फिरता त्यांची नजर वर गेली.

बेलाच्या करड्या फांदीवर काहीतरी तांबूस दिसत होतं. आधी त्यांना वाटलं, नाकतोडा बसलाय. पण नाकतोडेसुद्धा गाव सोडून किती दिवस झाले होते. त्यांनी टाचा उंचावून बोट लावलं. बोटाला मऊ लागलं. ओलसर, कोवळं, लहान मुलाच्या कानाच्या पाळीसारखं.

त्यांचे डोळे भरून आले. हात आपोआप खुडायला गेला. ताजा बेल! आणि हात तिथंच थांबला. आज सोमवार. सोमवारी महादेवाला बेल लागतो तो रविवारी खुडून ठेवायचा. सोमवारी झाडाला हात लावायचा नाही. गुरवाच्या घरात हे मूल बोलायला लागायच्या आधी शिकतं.

आणि मग तो आवाज आठवला. सोमवार असला तरी, आई.

सगुणाबाईंनी आभाळाकडं पाहिलं. ते घासूनपुसून ठेवलेल्या परातीसारखं कोरं होतं.

*

देवळामागच्या खडकावर एक गवत उगवायचं. खडकावर माती बोटभरसुद्धा नाही, पण ते उगवायचं. दिवाळीनंतर वाळून काडी व्हायचं, उन्हाळ्यात हातात धरलं तर चुरा व्हावा इतकं कोरडं. लहानपणी अपर्णा त्यावर खेळण्यातल्या भांड्यानं पाणी ओतायची आणि संध्याकाळपर्यंत तिथं बसून राहायची. तिन्हीसांजेला ओरडत घरात यायची, "आई, ते उठलं!" आणि खरंच, सकाळची काडी हिरवी झालेली असायची. त्याच गवतापायी ती शिकत गेली, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पोचली, आणि पावसाची एकामागून एक वर्षं फसायला लागली तेव्हा त्याच गवताची विद्या घेऊन गावात परत आली.

देवळाच्या ओट्यावर बसून तिनं गावाला समजावलं होतं. "बाकीची झाडं दुष्काळात काटकसर करतात," ती म्हणाली. "बाभूळ पानं बारीक ठेवते. निवडुंगानं पानांचे काटे केले, पाणी खोडात साठवलं, आणि तो दिवसा श्वासाची भोकं मिटून घेतो, रात्री उघडतो. कोरफड अंगावर मेण चढवते. कडुलिंब मुळं खोल धाडतो. पण काटकसर करून करून किती दिवस निघणार? आपलं खडकावरचं गवत काटकसर करतच नाही. ते सगळं पाणी सोडून देतं."

"आणि मरत न्हाई?" हौसाक्कानं विचारलं होतं. गावात सगळ्यांत आधी प्रश्न हौसाक्काचा असायचा.

"नाही. पाणी जायला लागलं की ते साखर करायला लागतं. पाणी उडत जातं तसा आतला पाक घट्ट होत जातो, आणि शेवटी काचेसारखा थिजतो. चिक्कीत शेंगदाणे कसे जिथल्या तिथं अडकून बसतात? तसं पेशीतलं सगळं आपापल्या जागी अडकून राहतं. मोडत नाही, नासत नाही. मरायलासुद्धा थोडी हालचाल लागते, आक्का. तिथं हालचालच नसते."

ही विद्या अपर्णानं मुळांत राहणाऱ्या एका बुरशीला शिकवली होती. बुरशी मुळात शिरली की झाडाला झोप लावायची. पानं गळायची, साल करडी पडायची, आत पाक थिजायचा. आणि तिचे तंतू, केसाहून बारीक, एका झाडाच्या मुळापासून दुसऱ्याच्या मुळापर्यंत मातीतून जायचे. खडकवेढ्याच्या साऱ्या डाळिंबाच्या बागा अशा एका जाळ्यात बांधल्या गेल्या.

अडचण एकच होती. झाडाकडं उठण्यापुरती साखर एकदाच असते. वळवाच्या सरीला फसून ते उठलं आणि पुढं पाणी मिळालं नाही, तर ते परत निजू शकत नाही. म्हणून अपर्णानं प्रत्येक झाडावर भरवसा ठेवला नाही. तिनं एकाच झाडाला पावसाची पारख दिली. जुन्या काळी गावाची राखण करायला जागल्या असायचा. गाव निजायचं, तो जागा राहायचा. देवळाचा बेल सगळ्यांत जुना, पक्क्या मुळाचा. तो जागल्या, निजला तरी बुडाची ओल टिपणारा. एखाद्या सरीला त्यानं भुलायचं नाही. बुडाशी ओल एकसारखी, न चुकता, पुष्कळ दिवस येत राहिली, तरच पाऊस खरा मानायचा. मग तो आधी उठेल आणि मातीतल्या तंतूंतून बागांना सांगेल: उठा.

"आणि ह्यो जागल्याच चुकला तर?" हे विचारणारीही हौसाक्काच.

अपर्णानं तेव्हा आईकडं पाहिलं होतं.

*

नीलकंठअण्णा ओट्यावर वाती वळत बसले होते. गुडघ्यांनी हल्ली ते फार हिंडत नसत, पण हात रिकामे ठेवायची सवय नव्हती.

"अहो," सगुणाबाई म्हणाल्या, "बेलाला पालवी आलीय."

अण्णा गुडघे विसरून उठले. फांदीपाशी जाऊन त्यांनी डोळे बारीक केले, मग तोंडभर हसले आणि कानाच्या पाळ्यांना हात लावला. "बघ! म्हणत न्हवतो मी? तो बसलाय तिथं आत. त्याला काळजी न्हाई व्हय?"

"पाऊस कुठाय?"

"पावसाचं काय घेऊन बसलीस! त्याच्या मनात आलं, त्यानं फुटवला."

सगुणाबाईंनी देवळाला पुढून वळसा घातला, पलीकडच्या अंगानं बेलाच्या बुडाशी गेल्या आणि कंबर धरून खाली बसल्या. सगळीकडची माती राखेसारखी पांढरी होती. बुंध्याला लागून मात्र परातीएवढा काळा डाग होता. त्यांनी बोट घातलं. बोट आत गेलं.

"अहो, हे ओलं कशानं?"

"कशानं म्हणजे? तीर्थानं."

सगुणाबाईंनी मान वर केली.

"तुम्ही इथं पाणी घालता?"

"पाणी कशाला घालीन?" अण्णा चिडले. "मला काय कळत न्हाई? पोरीनं दहांदा बजावलंय, झाडाला पाणी घालू नका. एक थेंब घातला न्हाई मी. तीर्थ घालतो. तू कंबर धरून निजलीस तवापासनं गोमुखाखालची डोणी मीच उपसतोय न? मग ते न्यायचं कुठं? पायदळी येईल तिथं सांडू? माझा बाप इथंच घालायचा, त्याचा बाप इथंच घालायचा."

गोमुखाखाली दगडी डोणी होती. देवाच्या अंगावरून आलेलं पाणी तीत जमायचं. कंबर धरायच्या आधी सगुणाबाई ते उपसून दीपमाळेच्या चौथऱ्यावर पसरून टाकत. तिथं कुणाचा पाय पडत नाही, आणि ऊन ते क्षणात उचलून नेतं. हे त्यांनी अण्णांना कधी सांगितलं नव्हतं. अपर्णानं पाण्याबद्दल सांगितलं होतं. तीर्थाबद्दल सांगायला हवं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

घोटभर. पण रोज. न चुकता, त्याच जागी, त्याच वेळी.

बेलानं काही चूक केली नव्हती. त्याला जे ओळखायला शिकवलं होतं ते त्यानं ओळखलं होतं. खडकवेढ्यात आता न चुकता येणारं असं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून या घरचा नेम त्याला पाऊस वाटला होता.

"अहो, त्याची मुळं तोडावी लागतील," सगुणाबाई म्हणाल्या.

अण्णांना ते पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. "कुणाची? बेलाची?"

"मी शब्द दिलाय. पिंडीवर हात ठेवून."

"गुरवाच्या घरात बेलावर घाव?" त्यांचा आवाज फुटला. "आज वार कुठला? पान खुडत न्हाई आपण आज! आणि तुला वाटतं तीर्थानं वाईट होईल कुणाचं? तीर्थानं?"

सगुणाबाईंचंही मन तेच विचारत होतं.

अण्णा हळूहळू खाली बसले. बुंध्याला पाठ टेकली, पाय पसरले, आणि हातातली अर्धी वळलेली वात तशीच धरून समोर बघत राहिले.

*

देवळाच्या पडवीला लागून दगडी बांध होता आणि बांधापलीकडं हौसाक्काची बाग. डाळिंबाची झाडं रांगेनं उभी होती, करडी, बिनपानांची, लांबून पाहणाऱ्याला मेलेलीच वाटावीत अशी. सगुणाबाई रोज संध्याकाळी त्यांच्यातून फिरत. कुणी शेळ्या घेऊन शिरलं नाही ना, कुणी वाटसरूनं दया येऊन बाटली ओतली नाही ना, हे बघत. येणारंजाणारं कुणी नव्हतं, तरी बघत.

बांधाजवळच्या पहिल्या झाडाची साल त्यांनी नखानं खरवडली. आतून भिजवलेल्या मुगासारखा हिरवा रंग निघाला.

दुसरं खरवडलं. तेही हिरवं.

तिसऱ्याची साल खरवडली. आत तपकिरी, काचेसारखं चकाकणारं, कोरडं. चौथं तसंच. पाचवं तसंच.

म्हणजे अजून वेळ होती. पण फार नव्हती.

ओट्याच्या कोपऱ्यातच फोनला रेंज मिळायची. तिथून त्यांनी लेकीला फोन लावला. अपर्णानं लगेच उचलला.

"आई? या वेळेला?"

"बेल जागा झाला, अपर्णा."

पलीकडं काही पडल्यासारखा आवाज झाला.

"हौसाक्काची किती उठली?"

"दोन."

"कशानं?"

सगुणाबाईंनी सांगितलं. अण्णांचं नाव घ्यायची त्यांना लाज वाटली, पण लेकीला सांगितलं. अपर्णा रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती रागावली नाही. हसल्यासारखा काहीतरी आवाज आला, आणि तो हसण्याचा नव्हता.

"मी सगळं हिशेबात धरलं होतं, आई. वळवाचा पाऊस धरला, दव धरलं, फुटकी जलवाहिनी धरली. तुझा तांब्या नाही धरला."

"मी कुदळ काढते आता."

"नको."

"काय?"

"राहू दे, आई. मीच शब्द घेतला होता ना? मीच परत करते." तिनं श्वास घेतला. "तुला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात दुसरीकडच्या बागा आम्ही कालव्याचं पाणी देऊन उठवून बघितल्या. तीन वर्षं निजलेल्या. शंभरातली चार-पाच झाडं उठली. बाकीची नाही उठली. ती काच फार दिवस टिकत नाही, आई. साखर आतल्या आत करपत जाते, तव्यावर विसरलेल्या पाकासारखी. आम्ही ज्याला झोप म्हणत होतो ना, ते सावकाश येणारं मरण निघालं."

"आणि पाऊस?"

"यंदा नाही. पुढच्या वर्षाचंही काही खरं नाही. संस्थेनं हे काम बंद केलंय. मी आता दुसऱ्या विभागात आहे."

हे ती किती दिवस मनात धरून होती कोण जाणे. रोजच्या बोलण्यात तिनं कळू दिलं नव्हतं.

"बेल किती दिवस तगेल?" सगुणाबाईंनी विचारलं.

"आठवडाभर. साखर संपेपर्यंत. चार दिवस हिरवा दिसेल. बघून घे त्याला, आई. उद्या मंगळवार आहे, पान खूड, वाहा. इतकी वर्षं तुला ताजं पान मिळालं नाही. उन्हात खणायला गेलीस तर तू पडशील, आणि तिथं उचलायला कोण आहे?"

"नाही तोडला तर बागा उठतील?"

"सगळ्या. आठ दिवसांत सगळं गाव हिरवं होईल. आणि मग..."

"तोडला तर निजून राहतील."

"चार-पाच, आई! शंभरातली चार-पाच!"

"कुणाची?"

"म्हणजे?"

"ती चार-पाच कुणाच्या बागेतली असतील, ते आत्ता कळतं का?"

"नाही. ते कसं कळणार?"

"मग सगळ्यांचीच राखायला हवीत."

अपर्णा आता रडत होती. सगुणाबाईंनी तिला रडू दिलं. लहानपणी खडकावरचं गवत एकदा उठलं नव्हतं, तेव्हाही ती अशीच रडली होती, हुंदका गिळत गिळत.

"तू परत करतेस ते खरं," त्या हळूच म्हणाल्या. "पण तो शब्द तुझ्या एकटीकडं कुठाय? सगळं गाव उभं होतं ऐकायला. तेवढा शब्द धरूनच टेंपोत चढली ती माणसं." मग नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का?"



*

हौसाक्काचा फोन रोज दुपारच्या चहाला यायचा. गाव आता लांब, कालव्याकाठच्या पत्र्याच्या खोल्यांत राहत होतं. कुणी कारखान्यात झाडलोट करी, कुणी दुसऱ्याच्या बागेत डाळिंबं तोडी. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना बातमी लागायची ती हौसाक्काकडून. बोलायची तऱ्हाही ठरलेली.

"वैनी, निजलीत का माझी लेकरं?"

"निजलीत."

"घोरत न्हाईत न?"

"घोरतात की. तुमच्यावरच गेलीत."

मग हौसाक्का खिदळायची आणि मागं कुणाला तरी ओरडून सांगायची, "निजलीत गं समदी!" आणि त्या पत्र्याच्या खोल्यांतली माणसं उद्याच्या कामाला लागायची.

आज फोन वाजला तेव्हा सगुणाबाईंनी तो दोनदा वाजू दिला.

"वैनी, निजलीत का माझी लेकरं?"

'निजलीत' हा शब्द तोंडापर्यंत आला. इतक्या दिवसांच्या सवयीनं आला. त्यांनी तो परतवला.

"हौसाक्का, बांधाजवळची तुमची दोन जागी झालीत."

"अगं बया!" पलीकडून किंकाळीच आली. "पाऊस झाला? अगं ए, ऐकलं का, पाऊस झाला! खडकवेढ्याला पाऊस झाला!"

"नाही, आक्का..."

सगुणाबाईंचा आवाज मुळातच हळू. तो कुणाला ऐकू गेला नाही. मागं ताट पडल्याचा खणखणाट झाला, कुणीतरी शिट्टी मारली, कुणी "हर हर महादेव" म्हणालं, आणि एक बाई मोठमोठ्यानं विचारत होती, आमची उठली का, आमची? सगुणाबाई पुन्हा म्हणाल्या, "नाही." पुन्हा म्हणाल्या. मग तिकडचा आनंद ओसरायची वाट पाहू लागल्या.

"वैनी? बोला की! किती झाला?"

"पाऊस नाही झाला, आक्का. चुकून उठलीत."

"चुकून कशी उठतील?"

"आमच्या हातनं चुकलं."

मागचा गलका एकेक आवाजानं विझत गेला.

"मग निजवा की परत," हौसाक्का म्हणाली. लहान मुलानं म्हणावं तशी.

"परत निजत नाहीत ती."

पत्र्यावर वारा वाजत होता तेवढा ऐकू येत होता.

"बाकीच्यांची?" हौसाक्कानं अखेरीस विचारलं.

"बाकीच्यांची निजलीत. ती राखते मी. पण बेल तोडावा लागेल. आणि तुमची ती दोन. त्यांच्या मुळांतनंही निरोप पुढं जाईल."

"त्यातलं एक वाकडं हाय न? बांधावर रेलल्यागत?"

"हो."

"त्याला लई गोड यायची डाळिंबं. दिसायला काय न्हाई, पण आत लालभडक." ती थांबली. "बरं. लवकर करा मग, वैनी. आपण जागं झालोय हे त्याला नीट कळायच्या आत करा."

चार-पाचांचं सगुणाबाईंनी तिला सांगितलं नाही. ते आता त्यांच्यापाशीच राहणार होतं.

*

ऊन कलायला लागलं होतं तरी दगड तापलेलेच होते. सगुणाबाईंनी घरातून कुदळ आणली, कुऱ्हाड आणली. खाली खडक असल्यामुळं माती गुडघाभरच होती. बेलाची खोल मुळं खडकाच्या भेगेतून सरळ खाली गेली होती. बागेकडं जाणारी ती आडवी, मातीतली. चर फार खोल लागणार नव्हता. पण चहूबाजूंनी लागणार होता.

अण्णा अजून तसेच बसले होते. त्यांच्या डोक्यावरची पालवी सकाळपेक्षा उघडली होती. तीन तीन दलं वेगळी दिसत होती.

"मी उठणार न्हाई," ते म्हणाले. आवाजात भांडण उरलं नव्हतं.

"बसा. मी पलीकडून सुरू करते."

"वार तरी बघ, सगुणा." नावानं ते त्यांना क्वचितच हाक मारत.

"बघितला."

त्यांनी आपल्या वाट्याच्या पाण्याचा तांब्या अण्णांच्या हाताशी ठेवला. "हे प्या. तीर्थ नाही, पिण्याचं आहे. सकाळपासून तोंड कोरडं आहे तुमचं."

अण्णांनी तांब्याकडं पाहिलं, मग बुंध्याजवळच्या त्या काळ्या डागाकडं. त्यांनी तांब्या उचलला आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला.

सगुणाबाईंनी एकदा वर पाहिलं. सगळ्यांत खालच्या फांदीवर एक पान हाताशी आलं होतं, अखंड, कोवळं, देवाला वाहावं असं. उद्या मंगळवार. उद्या ते खुडायला हरकत नव्हती.

त्यांनी पदर खोचला, कुदळ खांद्यावर घेतली, आणि गोमुख न ओलांडता, देवळाला पुढून वळसा घालून, पलीकडच्या अंगानं त्या बेलाकडं निघाल्या.